कागद लाकडावर, लाकूड कागदावर

(माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनाच्या दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला बजावले आहे की हे जेवणानंतरचे सत्र आहे, वीस मिनिटांत आटपा आणि उपदेश करू नका. दोन्ही अटी मान्य. माझा विषय अगदी लहान आहे. लाकडात नक्षी कापायची असेल तर नक्षीचा कागद लाकडावर चिकटवायचा कसा, एवढेच मी सांगणार आहे. शेवटी तुमच्याकडे एक मागणे मागणार आहे. हा विषय का घेतला ते आधी सांगते.

गेल्या वर्षी आपल्या सुतारकामाच्या सरांच्या घरच्यांनी सरांचे कागद शाळेच्या स्वाधीन केले. त्यांत नक्ष्यांची एक गुंडाळी होती. ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने काढलेल्या ४१ नक्ष्या. मी फावल्या वेळात हेच काम करते, म्हणून शाळेने ती माझ्याकडे पाहायला दिली. रेघ अशी की आज संगणकावर काढली तरी याहून स्वच्छ यायची नाही. पण सगळे कागद पाहून झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. १९७० ते १९८५ या काळात शाळेत असलेल्या कोणालाही विचारा, सरांच्या नक्ष्या कोणत्या? तो तीन नावे घेईल. मोराची प्रभावळ, कोपऱ्यात बसणारे तीन मजली शेल्फ आणि भिंतीवर टांगायची कोयरीची पत्रपेटी. या तिन्हींपैकी एकही त्या गुंडाळीत नाही. घरच्यांनी पुन्हा कपाटे पाहिली. नाहीत. त्या कुठे गेल्या याचे उत्तर कागद चिकटवण्याच्या पद्धतीतच आहे, म्हणून आज ही पद्धत.

मी १९७८ च्या एसएससीची. कार्यानुभवाच्या तासाला मुलगे सुतारकामाच्या खोलीत जायचे आणि आम्ही मुली शिवणाला. त्या वेळचा रिवाजच तसा होता. सुतारखोलीचा आमचा संबंध खिडकीतून येणाऱ्या भुशाच्या वासापुरता. पुढे ३६ वर्षे टपाल खात्यात नोकरी झाली. २०१५ मध्ये मुलाने मला स्क्रोल सॉ घेऊन दिली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ही टेबलावर बसवायची विजेची करवत असते. तिचे पाते पाच इंच लांब आणि काडीसारखे बारीक. ते शिवणयंत्राच्या सुईसारखे जागच्या जागी वरखाली होते, आणि आपण लाकूड दोन्ही हातांनी फिरवायचे. शाळेत मुलांकडे असायची ती हाताची फ्रेट सॉ, इंग्रजी यू अक्षरासारख्या चौकटीची. काम दोन्हींचे एकच. सुईखाली कापड वळवायची सवय असलेल्या बाईला ही यंत्रकरवत परकी वाटत नाही. माझे शिवण वाया गेले नाही, असे मी आमच्या शिवणाच्या बाईंना मनातल्या मनात सांगितले.

पण शिवणात आणि यात एक फरक आहे. ब्लाउजचा कागदी नमुना टाचणीने कापडावर लावला, खडूने आखले, की कागद अख्खाच्या अख्खा परत निघतो. दहा वर्षे वापरा. लाकडाच्या नक्षीत पाते कागदाच्या रेघेवरूनच जाते. लाकडाबरोबर कागदही कापला जातो. एक काम, एक कागद.

ही रीत जुनी आहे. इंग्लंडमध्ये डेरहॅम नावाच्या गावातून १८९५ साली ‘हॉबीज’ नावाचे साप्ताहिक निघू लागले. त्याच्यासोबत पूर्ण मापाच्या नक्षीचा कागद मिळे. लोक तो पातळ फळीवर चिकटवत आणि रेघेवरून करवत चालवत. छापलेला कागद कापून संपला तरी बिघडत नसे, पुढच्या अंकात नवा येई. आपल्याकडे सर नक्षी हाताने काढत. हा फरक लक्षात ठेवा.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ.

चिकटवलेल्या कागदाकडून आपल्या दोन अपेक्षा असतात. कापताना तो तसूभर हलता कामा नये, आणि कापून झाल्यावर डाग न ठेवता निघाला पाहिजे. या दोन अपेक्षा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. घट्ट बसतो तो निघत नाही, सहज निघतो तो करवतीखाली उचलला जातो. टपाल खात्यात चिकटवले ते कायमचे, अशी माझी सवय. इथे मात्र चिकटवतानाच काढण्याचा विचार करावा लागतो.

पहिला प्रश्न कोणीही विचारेल, की कागद चिकटवायचाच कशाला, कार्बन ठेवून गिरवले तर? चालते. मोठ्या, सरळ आकारांना चालते. शिसवीसारख्या गडद लाकडावर काळा कार्बन दिसत नाही, तिथे आम्ही भरतकामाला वापरायचो तो पिवळा कार्बन घ्यावा. पण नक्षी बारीक असेल तर गिरवणारा हात प्रत्येक वळणावर थोडा चुकतो, रेघ जाड होते, बोटाने पुसली जाते आणि भुशाखाली हरवते. पांढऱ्या कागदावरची काळी रेघ शेवटपर्यंत दिसते. शिवाय चूक झाली तर ती करवतीची, गिरवणाऱ्याची नव्हे.

दुसरी पद्धत शाळेतली. मैद्याची खळ. स्वस्त, घरात होणारी, पाण्याने निघणारी. पण खळीत पाणी असते आणि ओला कागद फुगतो. तोही सगळीकडे सारखा फुगत नाही. कागदाचे तंतू बहुतेक एकाच दिशेला झोपलेले असतात आणि भिजल्यावर ते लांबीपेक्षा जाडीत जास्त वाढतात. त्यामुळे गोल नक्षी किंचित लांबट होते. नुसती जाळी असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पण दोन फळ्या एकमेकींच्या खाचांत बसवायच्या असतील, तर खाच एका बाजूला सैल आणि दुसऱ्या बाजूला घट्ट होते. पातळ प्लायला एकाच बाजूने पाणी लागले तर तो वाकतोही. आपल्या कोकणच्या पावसाळ्यात तर विचारू नका.

तिसरी, फेविकॉल. फेविकॉल १९५९ पासून बाजारात आहे. त्याआधी सुतार सरस उकळत बसायचे. पण त्याचे काम लाकडाला लाकूड जोडणे. थेट लाकडावर त्याने कागद चिकटवाल तर सगळी नक्षी कापून झाल्यावर पॉलिश पेपरने कागद खरवडत बसाल, आणि बारीक वेलीची पाने त्यात मोडतील.

चौथी, रबराचे सोल्यूशन. हे पातळ थरात फक्त कागदाला लावायचे, थोडे सुकू द्यायचे आणि मग दाबायचे. कागद आणि लाकूड दोन्हींना लावून सुकवले तर पकड फार पक्की होते, म्हणून एकाच बाजूला. कागद निघाल्यावर मागे राहिलेले रबर बोटाने चोळले की त्याच्या गोळ्या होऊन निघतात. चिकटवण्याचा स्प्रे मिळतो त्याचेही तसेच. कागदाच्या पाठीवर हलका फवारा, अर्धा ते एक मिनिट थांबायचे, बोटाला चिकट लागले पण ओले लागले नाही की ठेवायचा. दोन्हींच्या वाफा पेट घेणाऱ्या असतात आणि डोके चढवतात. खिडकी उघडी ठेवा, आणि देवघरात निरांजन तेवत असेल त्या खोलीत हे काम करू नका.

पाचवी पद्धत मी आता नेहमी वापरते आणि नवशिक्यालाही हीच सांगते. रंगारी कडेला लावतात ती मास्किंग टेप आधी लाकडावर लावायची. पट्टीला पट्टी भिडवून, एकीवर दुसरी चढू न देता, कारण चढली की तिथे उंचवटा होतो आणि कागद सपाट बसत नाही. मग नक्षीचा कागद त्या टेपवर चिकटवायचा, अगदी शाळकरी मुलांच्या ग्लू स्टिकने चिकटवला तरी चालतो. काम झाल्यावर टेप सोलली की कागदासकट निघते आणि लाकूड कोरे राहते. फक्त टेप लावून काम महिनाभर पडून देऊ नये. उन्हाळ्यात तिचा गोंद लाकडात मुरतो. लाकूड सागवान किंवा शिसवीसारखे कठीण असेल तर कागदावरून पार्सलची पारदर्शक टेपही लावावी. पाते सुलभ सरकते आणि कडेला जळका काळा डाग कमी पडतो.

एवढे करूनही कुठे कागद अडून बसला तर ओरबाडू नका. कापडाच्या बोळ्याने थोडे टर्पेंटाइन लावा आणि मिनिटभर थांबा. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा दिली तरी गोंद सैल होतो.

कामाचा क्रमही सांगते. लाकूड चिकटवण्याच्या आधी घासायचे, आधी १५० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने, कारण नक्षी कापून झाल्यावर ते नाजूक काम दाबून घासता येत नाही. भुसा ओल्या नव्हे, कोरड्या कापडाने पुसायचा. धुळीवर काहीच चिकटत नाही. कागद ठेवताना लाकडाच्या रेषा पाहायच्या. मोराची मान किंवा लांब देठ रेषांना आडवा आला तर तो मोडणारच, त्याला रेषांच्या दिशेने ठेवा. कागद मधून कडेकडे दाबत न्या, म्हणजे हवा राहत नाही. मग आतल्या प्रत्येक बंद जागेत दीड-दोन मिलिमीटरचे भोक पाडायचे, त्यातून पाते ओवायचे, आतले भाग आधी कापायचे आणि बाहेरची कड सर्वांत शेवटी. बाहेरची कड आधी कापली तर धरायला काही उरत नाही.

पात्याचे दात खाली तोंड करून असतात, त्यामुळे लाकडाच्या चिंध्या खालच्या बाजूला निघतात. म्हणून कागद नेहमी चांगल्या, दर्शनी बाजूला. एकसारखे चार तुकडे हवे असतील तर ३ मिलिमीटरचे चार प्लाय एकावर एक ठेवून टाकाऊ भागात बारीक खिळे ठोकायचे आणि कागद फक्त वरच्याला लावायचा.

बरेच जण मला दाराची पाटी करून मागतात, म्हणून आपल्या लिपीविषयी दोन शब्द. इंग्रजी अक्षरे कापली की एकेक सुटी होऊन पडतात. मराठी नाव शिरोरेखेला लटकलेले असते, अख्खे नाव एका तुकड्यात निघते. शिरोरेखा मात्र जाड ठेवा. ग, ण, श यांचे काने बाकीच्या अक्षराला कुठेच चिकटलेले नसतात, सगळा भार तिच्यावर. व ला एक भोक लागते, ब ला दोन. आणि अनुस्वार हमखास भुशात हरवतो. कुलकर्णी निभावतात, शिंदे आणि सावंत यांना तो टिंब शोधून नंतर मागच्या फळीवर चिकटवावा लागतो.

२०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरांसाठी लोक प्लायकडे वळले. तेव्हापासून माझ्याकडे श्रावणात उसंत नसते. मखराच्या निमित्ताने आमच्या वर्गातल्या एका मित्राच्या घरी गेले होते. तिथे भिंतीवर सरांचे ते तीन मजली शेल्फ. ४५ वर्षांचे. त्याची मधली फळी निखळली होती, ती मी हातात घेतली. जोड जिथे होता तिथे खळीने लावलेला कागद तसाच राहिलेला, आणि त्यावर सरांची शाईची रेघ. शाळकरी पोराने बाकीचा कागद धुऊन काढला आणि जोडाच्या जागचा तसाच ठेवून वर फळी चिकटवली. जोड लाकडाला नव्हता, कागदाला होता. कागद फाटला, फळी निखळली. म्हणून सांगते, जोड देण्याआधी तिथला कागद आणि गोंद निपटून काढा.

पण मला त्या दिवशी दुसरीच गोष्ट कळली. मी मित्राला विचारले, सर नक्षीची प्रत कशी देत? तो म्हणाला, सर तीच नक्षी ट्रेसिंगवर दोन-तीनदा काढून ठेवत, आणि ज्याला ती करायची असेल त्याला एक कागद देत. तो थेट फळीवर चिकटायचा. गावात तेव्हा झेरॉक्स नव्हते. मुलांना आवडलेली नक्षी पुन्हा पुन्हा मागितली जायची, आणि प्रत्येक वेळी एक कागद करवतीखाली जायचा. शेवटी काढून ठेवलेला कागदही कोणीतरी नेला असणार.

म्हणजे गुंडाळीत ज्या ४१ नक्ष्या उरल्या आहेत, त्या कोणी फारशा न मागितलेल्या नक्ष्या आहेत. ज्या सर्वांत जास्त आवडल्या त्या कापून संपल्या. त्या आता कागदावर कुठेच नाहीत. त्या तुमच्या घरांत आहेत, लाकडात.

शाळेने सुतारखोली पुन्हा उघडायचे ठरवले आहे. शनिवारी दोन तास, मुलगे आणि मुली दोघांसाठी. मी येणार आहे. पहिला नियम माझा असा राहील की मूळ कागदाला गोंद लावायचा नाही. आधी प्रत काढायची. प्रत काढताना मूळ कागदाच्या कडेला दहा सेंटीमीटरची पट्टी ठेवायची आणि प्रतीवर ती मोजून पाहायची, कारण यंत्र कधी कधी कागदात मावण्यासाठी चित्र थोडे लहान करते. कोणी म्हणेल, आता लेसरने कापून मिळते. मिळते, आणि झटपट मिळते. पण लेसरलाही आधी रेघ लागते. रेघच हरवली असेल तर तो काय कापणार?

तेव्हा माझे मागणे हे. सुतारखोलीत केलेली कोणतीही वस्तू तुमच्या घरी, माळ्यावर, आईच्या ट्रंकेत असेल, तर ती शाळेत आणा. मोडलेली आणा. अर्धी आणा. सरांच्या बहुतेक नक्ष्या डावी-उजवी सारख्या आहेत, अर्धा भाग असला तरी कागद दुमडून दुसरा अर्धा मिळतो. वस्तू ठेवून घेणार नाही. सपाट आणि लहान असेल तर झेरॉक्सच्या काचेवर पालथी ठेवून तिचीच प्रत निघते. मोठी असेल तर वर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने घासायचे, नाण्यावर कागद ठेवून आपण लहानपणी घासायचो तसे. कडेने पेन्सिल फिरवून गिरवू नका. पेन्सिलीच्या जाडीने बाहेरची कड वाढते आणि आतली भोके लहान होतात. घासून आलेली कड खरी असते. जुने वार्निश चिकट झाले असेल तर मधे बटर पेपर ठेवू. पाव तासाचे काम आहे.

ज्यांना येणे जमणार नाही त्यांनी घरीच घासून कागद पाठवावा. पाठवताना दोन पुठ्ठ्यांच्या मधे सपाट ठेवा, घडी घालू नका. एवढी सूचना टपाल खात्याकडून.

मोराची प्रभावळ कोणाकडे आहे, हे मला अजून कळलेले नाही. या सभागृहात कोणाला ठाऊक असेल तर चहाच्या वेळी मला गाठा. मी मागच्या दारापाशी, बाकांच्या डाव्या बाजूला बसले आहे. कागद आणि पेन्सिल सोबत आणली आहे.